चार आण्याची कोंबडी, बारा लाखांचं फार्महाऊस

काय चाललंय काय आपल्या हैदराबादेत? लग्नाची पंगत बसलेली असते. सूटबूट घातलेला, गच्चीबावलीत बड्या हुद्द्यावर असलेला गृहस्थ शेजारच्याच्या कानाशी लागतो आणि दबक्या आवाजात विचारतो, "तुमची खुडूक बसली का हो?" शेजारचा दचकत नाही, रागावत नाही. उलट ताट बाजूला सारतो, मोबाइल काढतो आणि कोंबडीचे फोटो दाखवायला लागतो! एका टोपलीतल्या एकाच कोंबडीचे, सतरा कोनांतून काढलेले. समोर वाढपी जिलबीचं ताट घेऊन ताटकळतोय आणि हे दोघे कोंबडीच्या मातृत्वावर गहिवरतायत. शोभतं का हे? पूर्वी पंगतीत मुलांच्या नोकऱ्या, मुलींची स्थळं आणि कुठल्या बिर्याणीत आता राम राहिला नाही एवढ्यावर भागायचं. आता शेळी गाभण आहे की नुसतीच जाडी, यावर वादावादी होते.

आणि हे एकट्यादुकट्याचं खूळ म्हणावं, तर शुक्रवारी संध्याकाळी आउटर रिंग रोडवर उभं राहून बघा. १५८ किलोमीटरचा तो झगमगीत रस्ता लोकांनी विमानतळावर वेळेत पोचावं म्हणून बांधला, अशी आपली भाबडी समजूत. त्यावरून गाड्या धावतायत कुठे? मोइनाबाद, चेवेल्ला, शंकरपल्ली, शादनगर, विकाराबाद! जर्मन गाडीची डिकी उघडून बघा. सरकी पेंडीचं पोतं, कोंबड्यांचं खाद्य, जंताचं औषध, आणि मागच्या सीटवर सीटबेल्ट लावलेलं करडू. बायको पुढे बसून नाक दाबते, पण मधूनमधून मागे वळून "बाळ, आलं हं आता घर" म्हणते. ही बायको कोण? तीच, जिने लग्नाआधी सासरी म्हैस नाही ना, याची तीनदा खात्री करून घेतली होती!

वाटेत चिलकूर लागतं. तिथला बालाजी व्हिसा देणारा म्हणून प्रसिद्ध. मागणं मागताना ११ प्रदक्षिणा, ते पुरं झालं की १०८. याच मंडळींनी एके काळी अमेरिकेच्या व्हिसासाठी तिथे घामाघूम होऊन फेऱ्या मारल्या. आता तिथेच गाडी थांबवून मागतात काय, तर शेळीला जुळी होऊ देत! देवालाही वाटत असेल, चांगलं कॅलिफोर्नियाला धाडलं होतं, हे परत कशाला आले?

आता कोणी म्हणेल, शेत आहे म्हणून जनावरं आहेत. छे हो! उलट आहे सगळं. उस्मानसागर आणि हिमायतसागर, म्हणजे १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर बांधलेले दोन तलाव. त्यांच्या भोवतालच्या ८४ गावांत अवाढव्य बांधकामं होऊ नयेत म्हणून १९९६ साली सरकारने १११ क्रमांकाचा जीओ, म्हणजे सरकारी आदेश, काढला. तो राहिला की गेला, या चर्चेवर अख्ख्या शहराचे कितीतरी चहा झाले. पण हैदराबादी डोकं ते हैदराबादी डोकं. शेत म्हटलं की शेतात काहीतरी दिसायला नको का? मग पोहण्याचा तलाव, बार्बेक्यूचा कट्टा, सहा बेडरूमचा बंगला, आणि कोपऱ्यात, सगळ्यांच्या नजरेत भरेल अशी, एक शेळी. ती शेळी चरत नाही, साक्ष देते! आजूबाजूच्या दहा-दहा गुंठ्यांच्या तुकड्यांवरही हाच थाट. माणसाला धड पाय पसरायला जागा नाही, पण कोंबड्यांना 'फ्री रेंज' हवी.

यात आपली मराठी मंडळी मागे असतील? नाव नको. इथल्या किती तरी मराठी घरांची मुळं लातूर, नांदेड, बीदर, तेव्हाच्या उस्मानाबादेत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता; शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला माणूस इथेच यायचा. आजोबा पहाटे उठून शेण काढायचे. त्यांनी पोराला विवेक वर्धिनी शाळेत घातलं ते कशासाठी? पोराच्या हाताला शेण लागू नये म्हणून. पोराने नातवाला इंजिनिअर केलं ते कशासाठी? घरात शेणाचा वासही येऊ नये म्हणून. आणि नातवाने काय करावं? दोन पिढ्यांची पुंजी मोडून शेण विकत घ्यावं! वर आपल्यालाच सांगतो, "काका, सकाळी गोठ्यात उभं राहिलं ना, की त्या वासात एक वेगळीच शांती असते." अरे, ही शांती नको म्हणून आजोबांनी गाव सोडलं! आणि त्याला गाय तरी कुठली हवी? देवणीच हवी, नाहीतर लाल कंधारी. आजोबांनी कॉलेजच्या फीसाठी जी विकली, अगदी तीच. फक्त आता तिला आणायला शीतपेयाच्या भावाचं पाणी पीत, वातानुकूलित गाडीतून उदगीरच्या बाजूला जायचं.

पण देवणी पडली मोठी. ती सेल्फीत मावत नाही. त्यावर उपाय निघाला पुंगनूर! आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातलं हे ठेंगणं गोवंश, उंची जेमतेम अडीच-तीन फूट. एके काळी जात नष्ट होते की काय, अशी वेळ आली होती. पलमनेरच्या सरकारी संशोधन केंद्राने ती जपली. तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग २०२४ च्या संक्रांतीला पंतप्रधान आपल्या दिल्लीच्या निवासस्थानी पुंगनूर गाईंना चारा घालताना देशाने पाहिले आणि झालं! लाख लाख रुपये खिशात घेऊन माणसं गाईच्या मागे. दिवाणखान्यात गाय, सोफ्याशेजारी गाय, केकसमोर गाय. दूध देते दोन-तीन लिटर, पण त्यात म्हणे आठ टक्के स्निग्धांश. आल्या-गेल्याला ते दूध चमच्याने पाजतात आणि आपला चेहरा निरखतात. आपणही "वा, काय चव!" म्हणतो. न म्हणून सांगतो कुणाला? आणि हौशी मालकांचं ज्ञान काय वर्णावं! एकाने गाय घेतली आणि विकणाऱ्याला विचारलं, "दूध चालू कधी करायचं?" गाईला आधी वासरू व्हावं लागतं, ही बातमी त्याला व्यवहार झाल्यावर कळली. नऊ महिने त्याने भाकड गाईला लाडू भरवले आणि दूध पिशवीचं प्यायलं.

कोंबड्यांचं प्रकरण तर त्याहून रंगतदार. राजेंद्रनगरला केंद्र सरकारचं कुक्कुट संशोधन संचालनालय आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी वनराजा आणि ग्रामप्रिया अशा जाती काढल्या. कशासाठी? खेड्यातल्या गरीब बाईने परसात चार कोंबड्या पाळाव्यात, घरात चार अंडी यावीत, चार पैसे हाताशी राहावेत म्हणून. आणि त्या पिल्लांसाठी आता नंबर कोण लावतंय? कोकापेटच्या एकतिसाव्या मजल्यावरचे लोक! पिल्लं आली की पहिले काही आठवडे त्यांना बल्बची ऊब लागते. वीज गेली तर? स्वतःची मुलं तान्ही असताना ज्याने रात्री एकदाही कूस बदलली नाही, तो आता पिल्लांच्या बल्बसाठी इन्व्हर्टर घेऊन पहाटेपर्यंत जागतो. सातव्या दिवसाच्या आत राणीखेतची लस, डोळ्यात एकेक थेंब. दिवसभर बँकांच्या संगणकांची काळजी वाहणारे दोन टीम लीडर खुराड्यात उकिडवे बसलेत. एकाने पिल्लू धरलंय, दुसऱ्याने ड्रॉपर. पिल्लू डोळा मिटतं, हे दोघे "उघड ना, राजा" म्हणतात. आणि त्या वेळी साहेबाचा फोन आला तर? उचलत नाहीत! पगारवाढीच्या वर्षात!

बरं, इतकं करून निम्मी पिल्लं कोंबडे निघतात. निसर्गच तो, त्याला कोण काय सांगणार? पन्नास पिल्लं आणावीत, नावं ठेवावीत, लक्ष्मी, सरस्वती, पी. व्ही. सिंधू, आणि तीन महिन्यांनी पी. व्ही. सिंधूने पहाटे साडेतीनला आरवावं! एक कोंबडा कानाला गोड, पंचवीस कोंबडे म्हणजे विधानसभा. ते एकमेकांची पिसं काढतात, कोंबड्यांना सळो की पळो करतात आणि शांतीसाठी शहर सोडून आलेला मालक कानात बोळे घालून झोपतो. कापून खा म्हणावं, तर तोही मार्ग बंद. ज्याचं बारसं केलं त्याचा रस्सा कसा करणार? म्हणून अंगणात पंचवीस तगडे कोंबडे बागडतात आणि पाहुणे आले की घरमालक मोबाइलवरून चिकन बिर्याणी मागवतो. बिर्याणीच्या डब्यावर झडप घालायला सगळ्यांत आधी धावतात ते हेच कोंबडे, आणि आपण पाय वर घेऊन, डबा उंच धरून जेवतो.

आता अंडं. त्या अंड्याचं काय ते कौतुक! ते तपकिरी असलं पाहिजे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर जातो, आत पौष्टिकपणा तोच, हे कितीही सांगा, ऐकतो कोण? पांढऱ्या अंड्याकडे ही मंडळी आता जुन्या पाहुण्याच्या मोडक्या स्कूटरकडे पाहावं तशी पाहतात. एका फार्मवाल्याच्या बायकोने, ती हिशेबाची पक्की, शेडचा खर्च, राखणदाराचा पगार, खाद्य, लस, कुंपण, आणि दर आठवड्याचं डिझेल एका कागदावर मांडलं, अंड्यांनी भागलं आणि आकडा नवऱ्याला न दाखवता कागद चुलीत घातला. सोन्याचं अंडं देणारी कोंबडी गोष्टीत होती. इथे अंडं साधंच. सोनं मालकाने घालायचं! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना बिचाऱ्यांना जमिनीचे भाव कुठे ठाऊक होते?

शेळीची तऱ्हा आणखी न्यारी. तिच्यासाठी नेपियर गवत लावलं, अझोल्याचं टाकं बांधलं, ट्रेमध्ये मक्याचे कोंब उगवले. ती काय खाते? मालकाने जिवापाड जपलेली हिमायत आंब्याची कलमं! मग गुलाब, मग धुण्याच्या दोरीवरचा टॉवेल, मग शेजारच्या फार्महाऊसची जास्वंद. पोट फुगलं की रात्री अकराला धावपळ. डॉक्टर चेवेल्लाहून यायचा तर हा गूगलवर वाचून तिला खायचं तेल पाजायला निघतो आणि निम्मं स्वतःच्या शर्टावर ओततो. मधल्या काळात आफ्रिकेतल्या बोअर शेळीचीही हवा झाली. फलटणच्या निंबकर संस्थेने ती १९९३ साली आपल्याकडे आणली ती शेतकऱ्याच्या शेळीचं वजन वाढावं म्हणून. आता ती लॉनवर शोभेला उभी असते. आपली काळीभोर उस्मानाबादी मात्र बिनबोभाट दोन-दोन करडं देते आणि मालकाच्या बोनेटवर चढून गावाकडे तोंड करून उभी राहते. बाईसाहेबांना परत जायचं असावं.

आणि हे सगळं करतो कोण? साहेब? साहेब तर सोमवार ते शुक्रवार हायटेक सिटीत! उंटावरून शेळ्या हाकू नयेत असं म्हणतात. हे तर सीसीटीव्हीवरून हाकतात. मीटिंग चालू आहे, एका खिडकीत अमेरिकेचे गोरे साहेब, दुसऱ्या खिडकीत गोठा. मधेच हा ओरडतो, "अरे, तिला बाहेर काढ!" गोरे साहेब घाबरून एका बाईला मीटिंगमधून बाहेर काढतात. जनावरांचं खरं बघतो तो राखणदार आणि त्याची बायको. तो पालमूरच्या बाजूचा, सात पिढ्या गुरांतल्या. त्याला दिसतं सगळं, बोलत काही नाही. फक्त फोन करतो. फोनवर दोनच वाक्यं. एक, "सार, कोडी पोयिंदी," म्हणजे कोंबडी गेली. कुठे गेली, कशी गेली, कुणाच्या पोटात गेली, ते विचारायचं नाही. मुंगूस, रानमांजर, मोकाट कुत्री. यादी लांब आहे आणि दर सणाच्या आधी ती आणखी लांबते. दुसरं वाक्य, "सार, पामु वच्चिंदी." साप आला. यावर साहेब गच्चीबावलीतून काय करणार? टेबलावरचे पाय वर घेतो!

साप परवडला. २०२० च्या मे महिन्यात, ऐन लॉकडाऊनमध्ये, मैलारदेवपल्लीला भर रस्त्यात बिबट्या बसलेला साऱ्या शहराने टीव्हीवर पाहिला. आपल्याला वाटलं, आता तरी ही मंडळी शुद्धीवर येतील. कसलं काय! त्याच लॉकडाऊनने तर हे वेड पेटवलं. घरी बसून बसून लोकांना कळलं की आपल्याला मोकळी हवा, ताजं दूध आणि शेपटीवालं कुणीतरी हवं. बिबट्याचं निमित्त करून एकाने कुंपण उंच केलं, दुसऱ्याने दोन राजापालयम कुत्री घेतली, तिसऱ्याने कुत्र्यांच्या जेवणासाठी आणखी कोंबड्या घेतल्या. सुटका नाही म्हणतात ती ही.

बरं, ठेच लागून शहाणं व्हावं, तर ठेचांची काय कमी होती? आठवतोय का तो इमू? साडेपाच-सहा फूट उंच, माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बघणारा. याच पक्ष्यांवर १९३२ साली ऑस्ट्रेलियाने मशीनगनवाले सैनिक धाडले आणि सैनिक हरून परत आले. तो आपल्याकडे घराघराला श्रीमंत करणार होता! तेल, मांस, पिसं, हिरवीगार अंडी. २०१२ साली तामिळनाडूत इरोडच्या बाजूला त्या योजनांचा फुगा फुटला आणि पक्षी राहिले, पैसे पळाले. मग कडकनाथ! काळी कोंबडी, काळं मांस. २०१८ साली झाबुआच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं; धोनीने रांचीच्या आपल्या फार्मसाठी दोन हजार पिल्लं मागवल्याची बातमी झळकली; आणि इकडे सांगली-कोल्हापुरात २०१९ साली कडकनाथ घोटाळ्याने लोकांची तोंडं कोंबडीहून काळी केली. यातून आपण शिकलो काय? तर पुढच्या वेळी लवकर घ्यायचं, भाव वाढायच्या आत!

पण खरं सांगू का, या शहराला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते मुळातच जनावरवेडं. चारमिनारजवळचा मुर्गी चौक कायम भरलेला असायचा. जुन्या शहराच्या गच्च्यांवर कबुतरबाजी पिढ्यान् पिढ्या चाललीय. दिवाळी झाली की नारायणगुड्याला सदर. यादव मंडळी रेडे नाचवतात. हरियाणातून आणलेले मुर्रा रेडे, अंगावर तेलाची चकाकी, शिंगांना मोरपिसं, गळ्यात फुलांचे हार, खुराक काजू-बदाम-सफरचंदाचा. रेडा मागच्या पायांवर उभा राहिला की गर्दी बेभान. तिथे आपण उभे असतो की नाही? नातवाला खांद्यावर घेऊन, "नीट बघ रे" म्हणत? त्या यादवांचं मात्र एक आहे. ते रेड्याला रेडाच म्हणतात, 'थेरपी' म्हणत नाहीत.

आणि आपण? आपण कुठे त्यातले, नाही का? आपण फक्त रविवारी 'सहज' चक्कर मारतो. सहज म्हणजे जुने कपडे घालून, मुलांना टोप्या घालून, सोबत गाजरं घेऊन. वासरू चाटायला लागलं की हात मागे घेत नाही, आणखी पुढे करतो. पिल्लू तळहातावर बसवून घेतो आणि बराच वेळ काही बोलत नाही. हो, आपण, ज्यांची बडबड कुणाला थांबवता आली नाही! गाय व्यायल्याची बातमी फुटली की चिकासाठी सोसायटीत जी रांग लागते तिच्यात नाक मुरडणारे सगळे पहिल्या पाचांत. खरवस म्हटल्यावर तत्त्वं कसली? संक्रांतीच्या गोवऱ्या कुठून आणल्या, विचारा कुणालाही. चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकू या वेडावर सगळ्यांत कडक टीका करतात, आणि त्यांच्या गॅलरीतून बटेराचा आवाज येतो त्याला त्या 'मोबाइलची रिंगटोन' म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांड्यांनी चारजणांच्या भागीत पाव गाय घेतली आहे. पाव गाय! कुठला पाव, हे अजून ठरलेलं नाही. पण त्यांचा वाटा पुढचा निघाला तर त्यांनी नुसतं चारायचं, दूध दुसऱ्याचं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

आता ताजी खबर ऐका. कोंबडी झाली, शेळी झाली, फुटभर गाय झाली. आता गाढव! गाढविणीचं दूध म्हणे हजारोंच्या भावाने जातं. साबण होतो, क्रीम होतं, तोंड उजळतं. दिवसाला लिटरभरही धड देत नाही, पण भाव ऐकून माणसाची मती गुंग. आपण सगळे पोट धरधरून हसलो. गाढवही जाईल आणि ब्रह्मचर्यही जाईल, असं एकाने बजावलं. शहरालाच आता वेड लागलंय, असं दुसऱ्याने जाहीर केलं. चहाचा दुसरा कप आला, हसून हसून डोळे पुसून झाले, आणि मग जोशीकाकूंनीच खुर्ची जरा पुढे ओढून विचारलं, "पण काय हो, एका गाढवाला जागा साधारण किती लागते?"